हातांची पाहणी

शिकाऊ डॉक्टरला दरवर्षी एक ऑडिट करावं लागतं. आपल्याच वॉर्डात एखादी गोष्ट नियमाप्रमाणे होते की नाही ते मोजायचं, सगळ्यांपुढे मांडायचं, कमी पडतं ते सुधारायचं आणि पुन्हा मोजायचं. त्याशिवाय पुढच्या वर्षात ढकलत नाहीत. बाकीच्यांनी आपापले विषय केव्हाच पटकावले होते. ही डॉक्टर लांबच्या गावाहून आलेली, त्यातून उशिरा रुजू झालेली, तेव्हा तिच्या वाट्याला उरलंसुरलं आलं.

"हात," सर म्हणाले. सर म्हणजे हाडांच्या वॉर्डाचे प्रमुख. "एका पेशंटला हात लावून दुसऱ्याकडे जाताना लोक हात स्वच्छ करतात का, एवढंच बघायचं. सोपं आहे. कोपऱ्यात बसायचं नि लोकांच्या हातांकडे बघायचं."

"आणि काही बोलायचं?"

"बोलायचं काही नाही. बघणाऱ्यानं बोलायला लागलं की आकडे बिघडतात."

न बोलण्याची तिला एव्हाना सवय झाली होती. हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत तिला खोली मिळाली होती, दोघींत एक. पण खोलीतल्या दुसरीची ड्यूटी नेमकी हिच्या उलटी. ही आली की ती गेलेली. दोरीवर ओला टॉवेल दिसला की समजायचं, बाई येऊन गेल्या. संध्याकाळी आईचा फोन यायचा. "जेवलीस का?" "हो." "मैत्रिणी झाल्या का?" "हो, झाल्यात की." आईला बरं वाटावं म्हणून एवढं खोटं चालतं.

अगदीच खोटं होतं असंही नाही. एक मैत्रीण होती. वयानं दुप्पट असली म्हणून काय झालं!

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. डॉक्टरांच्या खोलीत खुर्च्या पुष्कळ, पण प्रत्येक खुर्ची कुणाची ना कुणाची. ही दोनदा उठली, दोनदा बसली, शेवटी डबा घेऊन बाहेर आली आणि चादरींच्या कपाटाशी उभी राहून खायला लागली. तेवढ्यात वॉर्डाच्या फिजिओताई कुबड्यांची जोडी खांद्यावर टाकून समोरून आल्या.

"उभ्यानं जेवतेस? घोडा आहेस का?"

तिनं घाईघाईनं डबा झाकला.

"चल माझ्या खोलीत. बाकं आहेत, खिडकी आहे, आणि डॉक्टर एकही फिरकत नाही."

ताईंची खोली म्हणजे व्यायामाची खोली. दोन्ही बाजूंना धरायचे लोखंडी दांडे, भिंतीला टेकवलेल्या गाद्या, वाळूची वजनं, आणि सगळ्याला मलमाचा एक मंद वास. त्या दिवसापासून दोघी तिथेच जेवू लागल्या. ताईंची जीभ तिखट होती, हात मात्र फार मऊ चालायचे. खुब्याचं हाड मोडलेल्या, उठायच्या नावानं रडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना त्या काखेत हात घालून असं उभं करायच्या, की पेशंटला वाटावं आपणच उठलो. "एवढंसं खातेस, चिमणी आहेस नुसती," असं म्हणून त्यांनी हिचं नावच 'चिमणे' ठेवलं. घर सोडल्यापासून तिला कुणी 'अगं-तुगं' केलं नव्हतं. दुपारची ती अर्धी घटका यावी म्हणून ती सकाळ कशीबशी काढायची.

ऑडिट सुरू झालं. हातात फळी, फळीवर तक्ता, अशी ती वॉर्डाच्या कोपऱ्यात बसली, आणि शाळेत तपासनीस यावेत तसं झालं. जो तो सॅनिटायझरच्या बाटलीकडे धावू लागला. ज्यांनी कुणाला हातही लावला नव्हता तेही हात चोळत फिरायला लागले. एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, तर मुद्दाम तिच्यासमोर येऊन उभा राहायचा. "डॉक्टर, लिहा हं माझं. चोळून चोळून तळहाताच्या रेषा गेल्या. आता ज्योतिष्याला काय दाखवू?" सगळा वॉर्ड हसायचा, तीही हसायची. त्या आठवड्यात पहिल्यांदाच तिला वाटलं, आपण इथल्या आहोत.

सरांनी तक्ता बघितला आणि बाजूला ठेवला.

"पाहुणे येणार म्हटल्यावर सगळ्यांचंच घर आवरलेलं असतं. हे काही खरं नव्हे. उद्या सांगा की संपलं. मग केसपेपर पुढ्यात घेऊन बसा आणि गुपचूप मोजा. असंच करतात."

असंच करतात म्हटल्यावर ती काय बोलणार? दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, "झालं माझं." ब्रदरनं सुटलो म्हणून हात वर केले. ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसली, पुढ्यात केसपेपरांचा गठ्ठा, गठ्ठ्याखाली तक्ता. आणि जे दिसायचं ते दिसायला लागलं.

सिस्टर लोकांचं काम चोख होतं, घाईत चुकायचं तेवढंच. डॉक्टरांचं निम्मं-निम्मं. सर स्वतः बोलत बोलत एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जायचे आणि बाटली वाटेत बिचारी तशीच राहायची. तिनं तेही इमानानं लिहिलं. आणि ताई? ताई एका आजींना बसवायच्या, शेजारच्या आजोबांना वळवायच्या, पलीकडच्या बाईचा गुडघा वाकवायच्या, आणि बाटलीकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. पहिल्या दिवशी तिला वाटलं, आपलंच लक्ष चुकलं. दुसऱ्या दिवशी डोळ्यांत तेल घालून बघितलं. नाहीच.

दुपारी डबा उघडताना ते तिच्या ओठांवर आलं होतं. "ताई—"

"काय गं?"

सांगावं तर ताई उद्यापासून हात चोळणार, आकडा खोटा होणार, आणि बाकीच्यांवर गुपचूप नजर ठेवली ती कशाला? शिवाय नाव कुठे येणार होतं कुणाचं?

"काही नाही. मीठ जरा जास्त झालंय."

"मग पाणी पी," ताई म्हणाल्या आणि डब्याखाली धरलेला हात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं पाण्याची बाटली सरकवली.

महिनाभरानं सभागृहात ऑडिट मांडायची वेळ आली. झाडून सगळे आले होते, कारण चहा होता. तिनं पहिल्याच वाक्याला सांगितलं, "यात कुणाचंही नाव नाही. फक्त कामाप्रमाणे गट केले आहेत." मग पडद्यावर उभे खांब आले. सिस्टरांचा उंच, डॉक्टरांचा मध्यम, सफाईवाल्यांचा त्याहून थोडा वर. डॉक्टरांचा खांब बघून कुणी हललंसुद्धा नाही. डॉक्टर पंचवीस, गर्दीत कुणालाही लपता येतं. शेवटच्या गटाखाली 'फिजिओ' असं लिहिलं होतं आणि वर पडदा कोरा होता.

मागून कुणीतरी विचारलं, "तिथला खांब छापायचा राहिला का?"

ती घाबरलेली होती. विचारलं त्याचं सरळ उत्तर दिलं. "नाही, तो आकडा शून्य आहे."

हशा पिकला. आणि हसता हसता सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या. त्या वॉर्डाला फिजिओ एकच होती. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. ताईंनी मांडीवरची पर्स उचलून दोन्ही हातांवर ठेवली आणि पडद्याकडे बघत राहिल्या. गट, गट म्हणून महिनाभर जे घोकलं, त्यातला एक गट म्हणजे एक माणूस होतं, हे तिला इतक्या लोकांसमोर, माइकपुढे उभं असताना कळलं. पुढचं ती काय बोलली ते तिला आठवत नाही. टाळ्या मात्र चांगल्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती व्यायामाच्या खोलीशी गेली. दार लोटलेलं होतं. ताई वजनं पुसून फळीवर लावत होत्या. जेवण झालेलं दिसत होतं.

"ताई, मला माहीत नव्हतं की असं दिसेल."

"कसं?"

"म्हणजे... तुम्ही एकट्याच आहात, ते माझ्या डोक्यातच आलं नाही."

ताईंनी फडकं ठेवलं आणि दोन्ही हात तिच्यापुढे पालथे धरले. बोटांच्या पेरांवर कातडी फाटली होती, बेचक्यांत लाल झाली होती, एका ठिकाणी रक्त सुकलं होतं. मलमाचा वास या हातांचा होता. इतके दिवस तिला तो गाद्यांचा वाटत होता.

"सॅनिटायझर लागलं की आग आग होते. दोन वर्षं झाली. दोन-चार पेशंट झाले की इथे येऊन साबणानं धुते. दर खाटेला जमत नाही. चूक आहे ती, नाही कोण म्हणतं? उद्या माझ्यामुळे कुणाची जखम चिघळली तर?"

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"कुणाला सांगू? सांगितलं की म्हणतील, बाई, तुम्ही नोंदणीच्या खिडकीवर बसा नि नंबर वाटा. हात न लावता माणूस चालवता येतो का?" ताईंचा आवाज चढला नव्हता, हेच जास्त लागत होतं. "पण तू तर रोज माझ्या शेजारी बसत होतीस. एकदा विचारायचं होतंस, ताई, हात का हो धूत नाही? दिली असती दोन उत्तरं."

"बघणाऱ्यानं बोलायचं नाही, असा नियम होता."

ताईंनी पुन्हा फडकं उचललं.

"बरं. मग बघा, डॉक्टर. मला पेशंट आहे."

'बघ' नव्हे, 'बघा'. ती डबा घेऊन बाहेर आली.

आठवड्याभरात बदलीचा कागद निघाला. फिजिओताईंना बाहेरच्या इमारतीत नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. वॉर्डात एक तरुण फिजिओ दिवसातून थोडा वेळ येऊ लागला. मुलगा चांगला होता, पण कोपऱ्यातल्या आजी त्याच्यापुढे पाय उचलेनात. "माझी बाई आणा. ती आली की चालते," एवढंच म्हणायच्या आणि भिंतीकडे तोंड करायच्या. चहाच्या खोलीत ही शिरली की बोलणं थांबायचं, कपांचे आवाज तेवढे राहायचे. ब्रदर आता तिच्याशी थट्टा करत नव्हता. "झालं म्हणालात ना तेव्हा, डॉक्टर? आम्ही खरं मानलं," एवढं एकदा म्हणाला. केसपेपर पुढे घेऊन ती कुठेही बसली, तरी लोक आपले हात खिशात घालायचे.

सर मात्र खुशीत होते. ऑडिटला बक्षीस मिळालं होतं. "आता दुसरी फेरी. भिंतीवर फलक लावा, 'हात स्वच्छ ठेवा', आणि पुन्हा मोजा. वाढतात आकडे, नेहमीच वाढतात."

आईनं बक्षिसाचं ऐकून सगळ्या नात्यागोत्यात फोन केले. "तुझ्या मैत्रिणींना खाऊ दिलास का?" असं तिनं विचारलं, तेव्हा ही म्हणाली, "रेंज नाही आई, ठेवते." आणि दोरीवरच्या ओल्या टॉवेलकडे बघत पलंगावर बसून राहिली. मग तिनं लिहायला घेतलेला फलकाचा कागद फाडला.

दुसऱ्या दिवसापासून ती एकेकाला उघड विचारू लागली. तुम्हाला हात स्वच्छ करायला कशाची अडचण येते? आधी कुणी दाद दिली नाही. "आता तोंडं पण मोजणार का?" एक सिस्टर म्हणाली. सफाईवाला म्हणाला, "अडचण काय, तुमचीच." ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. शेवटी वॉर्डाच्या मुख्य सिस्टर, ज्यांनी सभागृहानंतर तिच्याकडे बघून मानसुद्धा हलवली नव्हती, त्यांनी औषधांच्या ट्रॉलीआड तिला बोलावलं आणि हातमोजा काढला.

"माझेही बघा. आणि लिहू नका."

"लिहीत नाही."

मुख्य सिस्टरांनी दाखवले तसे आणखी तिघांनी दाखवले. ती त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी बाटली उघडून वास घेतला आणि नाक मुरडलं. "हे फरशी पुसायला बरं आहे. सौम्य मिळतं, ते मागवा. आणि हे हात भरेपर्यंत साबण-पाणी चालेल, पण जवळ हवं." वॉर्डाच्या टोकाला बेसिन होतंही, पण त्याच्यापुढे जुन्या खोक्यांचा ढीग रचलेला. ब्रदरनं आणि तिनं मिळून तो हलवला. खोकी उचलताना जड बाजू त्यानं घेतली.

भांडारातल्या कारकुनानं अर्ज वाचून चष्मा वर केला. "सगळ्या हॉस्पिटलला चालतं, तुमच्याच वॉर्डाचे हात नाजूक?" ती रोज जेवायच्या सुट्टीत त्याच्यासमोर जाऊन बसू लागली. भांडण नाही, तंडण नाही; डबा उघडायची, खायची, विचारायची, "आलं का?" कारकुनाला घास गिळवेना. भीक नको पण कुत्रा आवर, अशी त्याची गत झाली आणि त्यानं एकदाचा कागद सरांकडे पाठवला.

सरांनी विचारलं, "हे ऑडिटमध्ये कुठे बसतं?"

"कारणं, या भागात. पहिल्या वेळी मी कारणं विचारलीच नव्हती, सर."

सरांनी पेन उघडलं. "मी तरी कुठे विचारायला सांगितलं होतं?" म्हणाले आणि सही केली. ताईंना वॉर्डात परत आणावं, असं तिनं त्याखाली लिहिलं होतं. त्याच्यावरही सही केली.

दुसरी फेरी तिनं उघड केली, फळी हातात धरून, सगळ्यांना सांगून. सभागृहात या वेळी पडद्यावर सगळ्या वॉर्डाचा मिळून एकच खांब होता आणि तो बरा उंच होता. बोलायला सुरुवात करण्याआधी ती म्हणाली, "मागच्या वेळी मी एका माणसाचा गट वेगळा दाखवला होता. नाव न घेता मी नावच घेतलं होतं. ती चूक माझी आहे." पुढच्या रांगेत कुणीतरी फोन बघत होतं, मागे चहाचे कप मांडत होते. ताई आल्या नव्हत्या. त्यांना पेशंट होता.

ताई वॉर्डात परतल्या होत्या. कोपऱ्यातल्या आजी त्यांना बघून आधी रडल्या, मग त्यांच्यावर चिडल्या, आणि मग दांड्याला धरून उभ्या राहिल्या. ताईंच्या हातांवर नवी, गुलाबी कातडी येत होती. एका दुपारी हिनं धीर करून व्यायामाच्या खोलीचं दार वाजवलं. पूर्वी कधी वाजवलं नव्हतं.

"या ना, बसा," ताईंनी बाक पुसून जागा करून दिली. डब्यातलं पुढे केलं. आजींच्या पायाचं विचारलं, औषधाचं विचारलं. सगळं नीट, सगळं आदरानं. चिमणीएवढं खातेस म्हणून कुणी रागावलं नाही. तिनं त्या दिवशी डबा पूर्ण संपवला, आणि तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या वॉर्डातले तिचे सहा महिने संपले. तिची पुढची नेमणूक दुसऱ्या शहरात होती. निघायच्या दिवशी ती बॅग बाहेर ठेवून ताईंना भेटायला वॉर्डात गेली.

"निघालात?"

"हो. ताई, माझ्यावर राग आहे का अजून?"

ताई खाटेच्या कडेला टेकल्या. "नाही हो. राग कशाला? तुम्ही धडपडलात म्हणून माझे हात बरे झाले, माझं कामही परत मिळालं. ते मी विसरणार नाही." त्यांनी चादरीची कड सारखी केली. "पण तुम्ही समोर असलात ना, की पेशंटला हात लावताना वाटतं, मोजतायत. नाही मोजत, मला कळतं. तरी वाटतं. ते काही माझ्या हातात नाही. जाईल कधीतरी. तोवर तुम्ही दुसऱ्या गावी असाल."

"फोन करू का कधी?"

"करा की. दुपारी करा."

नवं हॉस्पिटल मोठं होतं. पहिल्या दिवशी तिला कुणी ओळखत नव्हतं, आणि दुपारी जेवायच्या खोलीत सगळीकडे घोळके होते. ती डबा घेऊन बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. थोडा वेळ फोन नुसता हातात धरला, मग लावला.

"हॅलो? कोण, डॉक्टर का? पोहोचलात?" ताईंचा आवाज घाईत होता. "जरा थांबा हं, आजींना बसवते नि बोलते."

फोन कुठेतरी गादीवर ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून ताई ऐकू येऊ लागल्या. "हं, उचला. अजून. टेका आता. बघा, कोण म्हणत होतं जमणार नाही?" आजी काहीतरी पुटपुटल्या. काठी टेकल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. ताई हसल्या. "अहो, पडत नाही तुम्ही. मी आहे ना धरून."

तिनं फोन पायरीवर ठेवला, स्पीकर लावला आणि डबा उघडला. ताई बहुतेक विसरल्या होत्या. एक पेशंट झाला, दुसरा आला. मधे नळाचं पाणी वाजलं. ती सावकाश जेवत राहिली. जेवण झालं, डब्याचं झाकण लावलं, तरी पलीकडे ताई कुणाला तरी गुडघा वाकवायला सांगतच होत्या. मग आतून कुणीतरी राउंड सुरू झाल्याचं ओरडलं, तेव्हा तिनं फोन बंद केला आणि उठली.